धोंड्याचा महिना आणि माझी पांढरी टेप

आधी चहा संपवा, मग सांगतो. मागे हा किस्सा ऐकताना एकाच्या नाकातून चहा आला होता, म्हणून म्हटलं.

माझा धंदा ठिबकचा. नारायणगावच्या आसपास द्राक्षबागांना पाईप टाकायचे, सांधे जोडायचे. आणि सांगायला लाज कसली, मी जोडलेला सांधा कधी गळत नाही. खिशात एक वेळ रुमाल नसेल, पण पांढऱ्या टेपचं रीळ असणारच. आट्यांवर चार वेढे द्यायचे, आवळायचं, विषय संपला. त्या टेपवर माझी इतकी भिस्त की बायको म्हणायची, एखाद दिवशी तोंडालाही लावून बघा.

नव्वदीच्या अखेरची गोष्ट. मी एक डिझेल जीप घेतली होती. तीन मालकांनी वापरून सोडलेली, पण मला तिच्यापुढे विमान फिकं वाटायचं. आणि त्याच वर्षी आला अधिक महिना. धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे काय, हे लग्न झालेल्या माणसाला सांगायला नको. एरवी सासरी आपल्याला विचारतो कोण? पण तेवढा एक महिना आपण साक्षात देव. आता देवाला कुणी म्हणतं का, की तुझं चुकलं?

माझी सासुरवाडी मढची, माळशेजच्या वाटेवर. पुरणाचे धोंडे झाले, टॉवेल-टोपी झाली, मी ओट्यावर आडवा झालो. तेवढ्यात सासूबाई, म्हणजे मामी, अंगणात जाऊन नुसत्या उभ्या राहिल्या. सकाळीच सारवलेलं अंगण, आणि त्यावर माझ्या जीपने सोडलेला डिझेलचा हा एवढा ओघळ.

फिल्टरला जिथे नळी जोडतात, तिथला सांधा गळत होता. म्हटलं, हे तर आपलंच खातं. सांधा खोलला, रीळ काढलं आणि वेढे द्यायला लागलो. चार वेढ्यांचं काम होतं हो, पण बघायला सगळं सासर जमलेलं. दहा दिले. टेप आट्यांवरून घसरून नळीच्या तोंडात गेली, तरी गडी थांबला नाही. आवळून टाकलं. थेंब बंद.

मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं. ते आणि माझा मेहुणा बबन, दोघंच त्याची डागडुजी करायचे. त्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मामांनी घसा खाकरला. मला वाटलं आता शाबासकी येणार. तर म्हणाले, "पावणं, च्या घेता का?"

घेतला.

दुसऱ्या दिवशी धाकट्या मेहुणीला, कल्पनाला, पुण्यात नर्सिंगच्या प्रवेशाची मुलाखत होती. दुपारच्या आत पोचायचं, नाहीतर तिचं वर्ष गेलं. ती पहाटेच्या एसटीने निघणार होती. मी म्हणालो, एसटी कशाला? मी दारात गाडी घेऊन बसलोय ती काय शोभेला? नारायणगावला सोडतो, तिथून पुण्याला गाड्याच गाड्या. मामींनी उठून देवापुढे हात जोडले. मी समजलो, मंडळी भारावली.

सकाळी निघालो. शेजारी मामा, मागे मामी आणि कल्पना. मामींना म्हणे नारायणगावात बाजार करायचा होता. बायको मढलाच राहिली. निघताना एवढंच म्हणाली, तिचं वर्ष आहे हो, जपून. मी हसलो.

डिंगोऱ्याच्या अलीकडे जीप दोनदा उचकली आणि बंद पडली. मी स्टार्टर मारतोय, ती ढिम्म. मामा म्हणाले, उन्हानं तापली असेल. सकाळचं कोवळं ऊन, पण पटलं मला. जरा सावलीत थांबलो, परत चावी फिरवली, झाली की सुरू. म्हटलं, बघा, तापलीच होती. तेवढ्यात बबन मोटारसायकलवरून आला. इकडे कुठे, विचारलं, तर म्हणे सहज, खुरप्याला धार लावायला. हातात खुरपं नव्हतं. माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण देवाचं लक्ष भक्तांकडे कुठे असतं?

डिंगोरं ओलांडतोय तोच पुन्हा बंद. आता मामी म्हणाल्या, "माझंच वजन लई झालंय. मी उतरते हितंच, माझ्या भनीकडं." त्या उतरल्या, जरा वेळाने चावी फिरवली, आणि गाडी सुरू! आणि मी काय म्हणालो असेन? सख्ख्या सासूला, तिने हाताने करून वाढलेले धोंडे पोटात असताना? मी म्हणालो, "बरोबर आहे मामी, तसंच असणार."

मामींनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, ऊन लागलं.

ओतूरच्या पुढे तिसऱ्यांदा. कल्पना घड्याळाकडे बघायला लागली, आणि मला खरंच घाम फुटला. पोरीचं वर्ष माझ्या गळ्यात होतं. रस्त्याकडेला एक मेंढपाळ उभा होता, तो म्हणाला, भाऊ, ती खोडदची दुर्बीण तिकडं तोंड केलेल्या गाड्या धरून ठिवती. आकाशातल्या लहरी टिपणारी ती अवाढव्य दुर्बीण, आणि खोडद तिथून कुठे राहिलं! पण मामांनी मान डोलावली, म्हणाले, "आसंल बुवा, यंत्रच मोठं हाय." झालं. मी उतरलो, मामांना उतरवलं, मेंढपाळाला धरलं, ढकलत ढकलत जीपचं तोंड मढकडे फिरवलं, चावी मारली, आणि राव, सुरू. मी आनंदाने मामांना परत आत बसवलं आणि गाडी फर्लांगभर मढच्या दिशेने पळवली. दुर्बीण सिद्ध झाली! पुण्याला निघालेली पोर मी परत माळशेजकडे घेऊन चाललो होतो, हे माझ्या ध्यानातच नाही.

ध्यानात आणून दिलं कल्पनानेच. मेहुणी ती, तिला धोंड्याच्या महिन्यातही बोलायचा हक्क.

"दाजी, थांबवा गाडी. उनानं न्हाई, आईच्या वजनानं न्हाई आन् दुर्बिणीनं बी न्हाई. तुमची पट्टी आत गेलीया. ती डिझेलासंगं वढली जाती आन् भोक बुजवती. गाडी थांबली की सुटती, म्हणून परत चालू व्हती."

म्हणजे त्या वेळात कुणी काहीही केलं असतं, तरी गाडी सुरू होणारच होती. सासू उतरवली काय किंवा भजन म्हटलं काय.

मी मामांकडे बघितलं. मामा शेताकडे बघत होते.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"काल तुमी पट्टी गुंडाळली तवाच," मामा हळूच म्हणाले. "तिथं तांब्याचं वायसर लागतं. पर धोंड्याचा म्हैना, जावयाला कसं बोलावं? म्हून बबनला म्हणलं, तू आपला मागं मागं ऱ्हा."

आणि बबन आलाच की मागून. या वेळी बहाणाही केला नाही. कल्पना पिशवी मांडीवर घेऊन मागे बसली, दोघं आळेफाट्याच्या दिशेने दिसेनासे झाले. मामांनी खिशातून पाना काढला आणि सांध्यातून माझी टेप ओढायला सुरुवात केली. निघता निघेना. लाजेने मी मान वर केली नाही.

कल्पना वेळेत पोचली. तिचं नाव लागलं. आठवड्याने पेढे घेऊन आमच्याकडे आली, तेव्हा मी विचारलं, काय विचारलं गं तुला?

म्हणाली, "त्यांनी इचारलं, एखादा पेशंट लई हट्टी असला, कुणाचं न ऐकता आपलाच उपाय करत बसला, तर काय करशील? मी म्हणलं, त्याला दुखवणार न्हाई. करू दीन त्याच्या मनासारखं, पर मागं मोटारसायकल ठिवीन."

"मग?"

"लई हसले. म्हणाले, असा पेशंट कधी बघितलास का? मी म्हणलं, बघितला की. त्याच्याच गाडीतनं निघाले व्हते."