पान एकशे बारा

छत्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासून, दुसऱ्यांच्या चुका काढून काका निवृत्त झाले. हात काही निवृत्त झाले नाहीत. बायकोच्या सामानाच्या यादीत स्वल्पविराम घालून झाले, तेव्हा तीच वैतागून म्हणाली, "अहो, कॉम्प्युटरवर काय हवं ते करा, पण माझ्या याद्या सोडा." तेव्हापासून काका मुक्त ज्ञानकोशावर. तिथे कुणीही लेख लिहावा, कुणीही सुधारावा.

लिहायच्या फंदात ते पडले नाहीत. त्यांना खुपले ते संदर्भ. संपादनाची खिडकी उघडावी, तर वाक्याच्या मधोमध लेखक, वर्ष, प्रकाशक, पान असं सगळं कंसांत कोंबलेलं. चार शब्दांच्या वाक्यात चाळीस शब्दांचा संदर्भ! वाक्य कुठे सुरू होतं नि कुठे संपतं, काही कळायचं नाही. काका तो पसारा उचलून लेखाच्या तळाशी यादीत ठेवत आणि वाक्यापाशी नुसतं एक आटोपशीर टोपणनाव सोडत. महिन्याभरात सगळे त्यांना 'झाडूवाले काका' म्हणू लागले. काकांना ते फार आवडलं. आपल्या नजरेतून काही सुटत नाही, असं ते बायकोला दिवसातून दोनदा तरी ऐकवत.

एकदा त्यांनी गावातल्या जुन्या रुग्णालयाचा लेख झाडला. तिथल्या एका अहवालाचे दोन संदर्भ होते. लेखक तोच, वर्ष तेच. काकांनी दोघांनाही 'अहवाल' हेच नाव दिलं, आणि लगेच लाल अक्षरं आली: एकाच नावाचे दोन संदर्भ. म्हणजे कुणीतरी एकच पुस्तक दोनदा लिहिलंय, असं म्हणत काकांनी दुसरा उडवून टाकला. त्या लांबलचक ओळीच्या अगदी शेवटी 'भाग दुसरा' असं लिहिलेलं होतं. तिथवर ते पोचलेच नाहीत. दुसऱ्या भागातली वाक्यंही आता पहिल्याच भागाकडे बोट दाखवू लागली.

दोन महिन्यांनी ते त्याच लेखाची वाक्यं अहवालाशी ताडून पाहत होते. साथीच्या वर्षात अकरा परिचारिका सेवेत असताना दगावल्या, असं एक वाक्य होतं. ग्रंथालयातून आणलेल्या अहवालात त्याचा मागमूस नव्हता. काकांनी वाक्य काढलं. ते लिहिणाऱ्या बाईंचं सदस्यनाव होतं 'वॉर्ड सात'. निवृत्त परिचारिका. त्यांनी चर्चापानावर अदबीनं लिहिलं, "पान ११२ पाहावं." काकांनी पाहिलं आणि उत्तर ठोकलं, "पान ११२ वर खाटांची यादी आहे, बाई. आधी वाचत जा, मग लिहीत जा. मनातल्या गोष्टींसाठी वही असते." तिघा-चौघांनी हसरे चेहरे टाकले. त्यानंतर वॉर्ड सात पुन्हा दिसल्या नाहीत. काकांनी ते उत्तर बायकोला वाचूनही दाखवलं होतं.

वर्षभरानं दुसऱ्याच एका लेखासाठी काकांनी तो अहवाल पुन्हा मागितला. ग्रंथपालबाईंनी सुतळीनं बांधलेले दोन ग्रंथ पुढे सरकवले. "मागच्या वेळी एकच नेलात. जोडी आहे ही."

काकांनी तिथेच, उभ्या उभ्या, दुसऱ्या भागाचं पान एकशे बारा उघडलं. अकरा नावं. प्रत्येकीचं वय, प्रत्येकीचा वॉर्ड. त्यांचे कान तापले. ग्रंथपालबाई आपल्याकडेच बघतायत असं त्यांना वाटलं, खरं तर त्या शिक्के मारत होत्या.

घरी येऊन त्यांनी लेखाचा इतिहास उघडला. तिथे प्रत्येक बदल तारीखवार असतो. संदर्भ कुणी उडवला? झाडूवाले काकांनी. शेरा काय होता? 'अनावश्यक पुनरुक्ती काढली.' शरमेनं त्यांना मान वर करवेना.

"वाक्य गुपचूप परत घालतो," ते पुटपुटले. "कुणाला कळतंय?"

बायको भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तिला बोललात ते चारचौघांत ना? मग माफी कशी कोपऱ्यात मागता?"

काकांनी वाक्य परत घातलं आणि चर्चापानावर लिहिलं. चार वेळा खोडलं. शेवटी एवढंच ठेवलं: "वाचलं नव्हतं ते मीच. तुमचा संदर्भ मी उडवला, आणि वर तुम्हालाच बोललो. मला लाज वाटते. माफ करा."

नवव्या दिवशी उत्तर आलं. "वाक्य परत आलेलं पाहिलं. यादीतलं सातवं नाव माझ्या आईचं आहे. मला आता तिथे लिहावंसं वाटत नाही. नावं तुम्हीच लिहा. नीट वाचून."

माफ केलं, असं त्यात कुठेच नव्हतं. काकांनी तीनदा शोधलं.

मग त्यांनी अकरा नावं लिहिली. एकेक अक्षर ग्रंथावर बोट ठेवून तपासलं. सातव्या नावापाशी बोट बराच वेळ थांबलं. वय सव्वीस. शेवटी संदर्भ टाकला, पूर्ण, लेखक-वर्ष-प्रकाशक-भाग दुसरा-पान एकशे बारा, तिथेच, परिच्छेदाच्या मधोमध, आडवातिडवा.

दुसऱ्या दिवशी एका नव्या संपादकानं विचारलं, "काका, हा तळाशी न्यायचा विसरलात का? वाचायला फार त्रास होतो."

"होऊ दे," काकांनी लिहिलं. "त्याला हात लावायची माझी हिंमत नाही."