भातगिरणीवरचा एफ

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही हो. आपण आपलं काम करत असतो, वैतागत असतो, आणि एके दिवशी चारचौघांत बसल्यावर कळतं, अरे, पोतंभर जमलेत!

माझे जमले शहापूरला, एका भातगिरणीच्या वरच्या खोलीत. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. दिवसभर मुरबाडच्या कारखान्यात ड्युटी, मग एसटीने शहापूर, आणि आठवड्यातून एक संध्याकाळ माझा गिटार क्लास. सुरुवातीला बरीच मंडळी आली. बोटं दुखायला लागल्यावर तिघंच उरली. दामू हा भजनातला ढोलकीवाला. भोईर मास्तर प्राथमिक शाळेत शिक्षक आणि त्याच भजनात पेटीवर. आणि रेखाताई, सिद्धगडाच्या पायथ्याकडच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स.

आजही गिटार बघितली की मला आधी थकवा येतो, गाणं नंतर आठवतं.

*

पहिल्या दिवशी मी कॉर्ड कशी बनते ते सांगितलं. कुठलाही सूर सा धरा. त्याचा ग घ्या, त्याचा प घ्या. तिन्ही एकदम वाजवा, झाली कॉर्ड! ग शुद्ध ठेवला तर मेजर, कोमल केला तर मायनर.

भोईर मास्तर खूश. "एवढंच? हे सूर तर आमी पेटीवर रोज वाजवतो!"

आणि त्यांनी गिटारवर सा वाजवला. मग ग शोधून वाजवला. मग बऱ्याच वेळाने प.

"मास्तर, एकदम! तिन्ही एकदम!"

"सर, घाई कशाला? येतायत ना सगळे!"

*

क्लासची एक गिटार दामू सरावाला घरी न्यायचा. परत आणायचा तेव्हा सगळ्या तारा सैल, लोंबकळणाऱ्या. मी गुपचूप सुरात लावायचो, त्यात अर्धा क्लास संपायचा. शेवटी एकदा विचारलंच.

"मीच सैल करतो सर," दामू अभिमानाने म्हणाला. "वाजवून झाली की ढोलकी नाय का उतरवून ठेवत? ताणून ठेवली तर चामड्याची पुडी फाटंल."

"दामू, गिटारला पुडी नसते. तिच्या तारा ताणलेल्याच ठेवायच्या."

त्याने गिटारवरून हळूच हात फिरवला. "म्हंजी हिला आराम कधीच नाय?"

कारखान्यातून थेट आलेला मी, जांभई दाबत पुन्हा तारा पिळायला लागलो.

*

एकदा एसटी बंद पडली आणि मला पोचायला उशीर झाला. बघतो तर मास्तरांनी सगळ्या गिटारी सुरात लावून ठेवलेल्या. मी म्हटलं, "वा! पेटी आणलीत वाटतं?"

"पेटी कशाला? खाली गिरणीची मोटर आहे ना. एकच सूर धरून असते बिचारी!"

तेवढ्यात खाली कुणीतरी भाताचं पोतं ओतलं. मोटर जड झाली, सूर उतरला. मास्तर लगबगीने खुंट्या सैल करायला लागले. पोतं संपलं, मोटर मोकळी झाली, मास्तर पुन्हा खुंट्या पिळायला लागले. मी सांगत होतो, पण गिरणीच्या आवाजात माझं कोण ऐकतंय!

मग लाइटच गेली. मोटर गप्प. मास्तर अंधारात कान देऊन बसले.

"सर, आता कशाला धरू?"

*

बोटांची टोकं कडक झाली की तारा टोचत नाहीत, असं मीच कधीतरी बोललो होतो. दामूने ते मनावर घेतलं. टाचेच्या भेगांना लावतात तसा त्याने चार बोटांना बिब्बा लावला! सकाळी टरटरून फोड.

रेखाताई मलम लावत त्याला झापत होत्या. "पाड्यापाड्यांत मी बायकांना हेच सांगत फिरते, बिब्बा लावू नका, लावू नका! आणि माझ्याच शेजारी बसणारा माणूस हे करतो?"

"ताई, एकाच हाताला लावलाय," दामू म्हणाला. "दुसऱ्याला अक्कल वापरली."

*

मग आला एफ. पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी चारचा मेजर. गिटारवर मात्र एकाच बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबायच्या आणि उरलेल्या बोटांनी बाकीची कसरत. महिने गेले. दामूच्या एफमधून थप्प यायचं, मास्तरांच्या एफमधून करकर, आणि रेखाताईंच्या एफमधून काहीच नाही.

एका संध्याकाळी मी मुरबाडपासून एसटीत उभ्याने आलो होतो. थप्प, करकर ऐकलं आणि डोकंच फिरलं. "दिवाळीपर्यंत या खोलीत एक स्वच्छ एफ वाजला नाही तर क्लास बंद! मी थकलोय!"

तिघांनी गिटारी भिंतीला टेकवल्या. जाताना रेखाताई जिन्यात थांबल्या. "सर, दिवसभर मी दुसऱ्यांची दुखणी ऐकते. आठवड्यातली ही एक संध्याकाळ तेवढी माझी असते. ती काढून घेऊ नका."

मला वाईट वाटलं. पण शब्द मागे घेतला नाही, कारण मी खरंच थकलो होतो.

दिवाळीआधीचा शेवटचा क्लास. खोलीत शिरलो तर तिघं ओळीने बसलेली, प्रत्येकाच्या मांडीवर गिटार. कुणी माझ्याकडे बघेना. भोईर मास्तरांनी शाळेत कवायत घेतल्यासारखा आवाज चढवला, "एक, दोन, तीन!"

दामूने सा वाजवला, मास्तरांनी ग, रेखाताईंनी प. प्रत्येकाचं एकच बोट, एकच तार. पण तिन्ही एकदम!

एफ! ना थप्प, ना करकर. खोलीभर घुमला.

"एकट्याला जमत नाय सर," दामू म्हणाला. "म्हणून आमी वाटून घेतला."

मी पिशवी खाली ठेवली आणि मिळालं त्या स्टुलावर बसलो. रेखाताई तारेवरचं बोट तसंच दाबून माझ्याकडे बघत होत्या.

"स्वच्छ होता ना?" मास्तरांनी विचारलं.

"होता," मी म्हणालो.

"मग दिवाळीनंतर," दामू गिटार सावरत म्हणाला, "पुढचा कोनता घ्यायचा?"