आवाज काढून दाखवा

शहापूरच्या बाजारपेठेत कॉम्प्युटर दुरुस्त करणारे पुष्कळ होते, पण गिऱ्हाइकाला स्वतःच्या तोंडाने आवाज काढायला लावणारे एकटे आवाजकाकाच. बिघडलेला कॉम्प्युटरचा डबा टेबलावर ठेवला तरी त्यांचा हात स्क्रूड्रायव्हरकडे जात नसे. चष्मा कपाळावर सरकवायचे आणि म्हणायचे, "कसा करतो? आवाज काढून दाखवा." मग तो भला माणूस इकडेतिकडे बघत, लाजत "टक, टक, घर्रर्र" करायचा आणि काका त्याच्या तोंडाकडे टक लावून बसायचे. एका सरपंचांना मी तिथे डराव डराव करताना पाहिलंय. "नुसताच आवाज येतो हो," असं म्हणणाऱ्याला मात्र ते परत पाठवायचे. "घरी जा, ऐकून या. आपलीच वस्तू हाय ना?"

त्यांचं निदान दर वेळी बरोबर यायचं असं मुळीच नाही. मुरबाडकडच्या ज्या शाळेत मी शिकवते, तिथल्या आमच्या हेडमास्तरांनी एकदा इतक्या जोशात "खडखडखड" करून दाखवलं, की काकांनी हार्ड डिस्क गेल्याचं जाहीर करून टाकलं. नवी डिस्क बसली, खडखड तशीच. शेवटी डबा पूर्ण उघडला तर पंख्यात भाताचे दाणे. हेडमास्तरांनी कॉम्प्युटर घरात भाताच्या कणगीशेजारी मांडला होता आणि उंदरांनी त्यात आपली बेगमी केली होती. काकांनी चूक काही कबूल केली नाही. "मास्तरांनी आवाजच जास्ती काढला, आमी काय करणार?" त्या दिवसापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यांचा एक प्रश्न वाढला: "भात कुठं ठेवता?"

मला याचं फार कुतूहल होतं. मशीन समोर आहे, बटण दाबा आणि ऐका की. माणसाला कशाला नाचवायचं? एकदा विचारलंही. "मशीनपेक्षा माणूस नीट सांगतो," एवढं म्हणून ते चहा सांगायला उठले. माझा काही विश्वास बसला नाही.

मग माझीच पाळी आली. माझी आत्या धवलारीण होती. आमच्याकडे लग्नात धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाऊन विधी पार पाडणाऱ्या बाईला धवलारीण म्हणतात. तिचे सगळे धवले मी मोबाइलवर रेकॉर्ड करून एका डिस्कवर ठेवले होते. "शीक गो, माझ्यामागं कोण म्हणंल?" असं ती म्हणायची, आणि मी हसून सांगायची, "रेकॉर्ड केलंय ना, आत्या." आत्या गेली आणि वर्षाच्या आत डिस्क टिकटिकायला लागली. काकांसमोर मी "टिक... टिक..." केलं आणि तिथेच रडू फुटलं.

"परत परत चालू केली का?" काकांनी विचारलं. मी मान डोलावली. "आता नाय करायची, ताई. आतला काटा अडखळतोय. जेवढी फिरवाल तेवढी तबकडी खरवडंल. ही आता थोडीच चालंल. आधी काय पायजे ते ठरवा."

मी म्हटलं, फोटो राहू देत, धवले काढा.

काकांनी तळहात डिस्कवर ठेवला आणि ती चालू केली. एकेक धवला काकांच्या कॉम्प्युटरवर उतरू लागला. इतक्यात बारीक, सुईसारखी शिट्टी सुरू झाली. मी दचकले. काका स्वस्थ. "काका, शिट्टी वाजतेय," मी म्हटलं. त्यांनी चटकन डिस्क बंद केली आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. "कसली शिट्टी? काढून दाखवा."

तेव्हा मला उमगलं. त्यांना ती ऐकूच आली नव्हती.

"भिवंडीला कापडाच्या मागावर तरुणपण गेलं," ते शांतपणे म्हणाले. "बारीक आवाज तिथंच गेले. मागाच्या खडखडीत बोललेलं ऐकू येत नाय, समोरच्याच्या तोंडावरून समजून घ्यायचं. तीच सवय." ती दुपारभर मी त्यांचा कान झाले. शिट्टी वाजली की मी सांगायची, ते डिस्क थांबवायचे, निवू द्यायचे, पुन्हा हळूच सुरू करायचे. दोन-चार सोडले तर सगळे धवले उतरले, आणि मग डिस्क कायमची गप्प झाली.

पुढे नव्या तऱ्हेच्या डिस्क आल्या. त्यांच्यात फिरणारं काही नाही, त्यामुळे त्या बिघडतानाही आवाज करत नाहीत. दुकानात कोणी टकटक करेना की घरघर करेना. काका दुकान बंद करून उंबरमाळीकडे आपल्या गावी जायला निघालेत असं कळलं, तेव्हा मी छोटा स्पीकर घेऊन गेले. ज्यांनी धवले वाचवले त्यांनी ते ऐकावेत, एवढंच मनात होतं.

स्पीकरमधून आत्याचा पातळ आवाज दुकानभर झाला. काका जरा वेळ भिडेखातर हसत राहिले, मग त्यांनी मान हलवली. "नुसता गोंगाट येतो मला, ताई." चष्मा कपाळावर गेला. "कसं म्हणायची आत्या? आवाज काढून दाखवा."

मी इकडेतिकडे पाहिलं, लाजले, आणि सुरुवात केली. आयुष्यात पहिल्यांदाच. काका माझ्या तोंडाकडे टक लावून होते, बोटांनी टेबलावर ठेका धरून. अर्ध्यावर शब्द आठवेनात, मी थांबले.

"घरी जा, ऐकून या," काका म्हणाले. "आपलीच वस्तू हाय ना?"

ऐकून, पाठ करून परत गेले तेव्हा दुकानाला कुलूप होतं. यंदा भाचीच्या लग्नात तो धवला मी अख्खा म्हटला. म्हणताना मांडवात सारखी बघत होते, कपाळावर चष्मा चढवलेलं कोणी कुठे बसलंय का.