साक्ष दिली तेव्हा गोळ्या खिशात होत्या

त्या दुष्काळात आमच्या चिकलठाण्यामागच्या वसाहतीत कावळे माझ्या टँकरच्या गळक्या व्हॉल्व्हखाली नंबर लावून उभे राहायचे. हसू नका. मधे घुसणाऱ्या एका कावळ्याला बाकीच्यांनी टोचून मागं पाठवलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय. बायको म्हणते, तीनच होते आणि त्यातली एक साळुंकी होती. तिचं ऐकत बसलो तर मला सांगायला काही उरणारच नाही.

मी लासूर स्टेशनकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातला. मेंढरं संपली तसा शहरात आलो आणि टँकरवर बसलो. शहर असं वाढत होतं की सकाळी ज्या शेतातून गाडी घातली तिथं संध्याकाळी गच्चीवर साड्या वाळत असायच्या. घरोघरी चकचकीत नळ, उघडला की फुस्स करून हवा. बाया निळे ड्रम मांडून माझी वाट बघायच्या. एवढी वाट माझ्या आईनंही कधी पाहिली नसेल.

एके दिवशी भर दुपारी, जालना रोडवर विमानतळासमोर, माझ्या छातीत बोअर पाडायची गाडी सुरू झाली. हात बधिर, तोंडाला कोरड, डोळ्यांपुढं रस्ता तिरपा. आता मेलो, एवढंच कळत होतं. भरलेला टँकर कडेला लावला आणि स्टिअरिंगला मिठी मारून बसलो. मेलो नाही. पण दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा तेच. मग जागाही लागेना. चावी हातात घेतली की छाती खडखडायची. डॉक्टरनं पट्ट्या लावून कागद काढला, कागदात काही खोट नाही. म्हणाले, "हृदय बैलाचं आहे तुझं. दुखणं मनाचं आहे." गोळ्या दिल्या.

त्या डॉक्टरकडं मला नेलं होतं माझ्या दोस्तानं. तो शेंद्र्याचा, माझ्याच पॉइंटवर टँकर भरायचा. त्यालाही हेच दुखणं आणि ह्याच गोळ्या, माझ्याआधीपासून. आम्ही दोघं टँकर भरेपर्यंत चाकाला टेकून बसायचो.

"तुझं आज किती धडधडलं?" तो विचारायचा.

"पोलिसानं शिट्टी मारली, त्याला वाटलं इंजिन खराब आहे."

"लई फेकतो राव तू," असं म्हणून तो हसायचा. एवढं हसला की त्याचा दिवस निघायचा, असं तोच सांगायचा.

बायको गल्लीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये रविवारच्या प्रार्थनेला जायची. माझी ही दशा बघून मलाही ओढून नेलं. पाळक जिवंत पाण्याबद्दल बोलायला लागले की शेडमधल्या सगळ्या बायांच्या नजरा माझ्याकडं वळायच्या. पण एक खरं सांगतो. सगळे डोळे मिटून प्रार्थना करायचे, बायको माझ्या पाठीवर हात ठेवायची, तेव्हा छातीतली गाडी जरा लांब गेल्यासारखी वाटायची. बंद नाही. लांब. मी दोस्तालाही आणायला लागलो. तो मागच्या चटईवर, दाराशी बसायचा. पळायला बरं म्हणून.

आता तिथली रीत अशी, की उपासना संपत आली की पाळक विचारतात, "आज साक्ष कोण देणार?" आठवड्यात प्रभूनं ज्याच्यासाठी काही केलं, त्यानं उभं राहून सांगायचं. त्या रविवारी कुणीच उठेना. दुष्काळाचा चौथा महिना, सांगायला कुणाकडं काय असणार? आणि गप्प बसलेली माणसं मला बघवत नाहीत. मी उठलो.

माझ्याकडं होता फक्त एक गुरुवार. त्या गुरुवारी मी पॉइंटपासून वसाहतीपर्यंत न थांबता आलो होतो. तेवढंच. पण तोंड उघडलं आणि तीन महिन्यांचं दुखणं वीस वर्षांचं झालं. जालना रोडवर उजेड पडला, स्टिअरिंग आपोआप वळलं, कुणीतरी माझ्या छातीवर गार हात ठेवला. "आणि त्याच क्षणी," मी ओरडलो, "गोळ्या खिडकीतून फेकून दिल्या! आज चाळीस दिवस झाले, एक गोळी नाही!"

हालेलूयानं पत्रे हादरले. आणि माझ्या शर्टाच्या खिशात गोळ्यांची पट्टी होती. हात वर केला तशी ती कुरकुरली. मला ऐकू आलं. दोस्त दाराशी बसला होता, त्याला नाही आलं.

तीन आठवड्यांनी तो पॉइंटवर यायचा बंद झाला. त्याचा टँकर दुसराच कुणी चालवायला लागला. मी माझा टँकर घेऊन शेंद्र्याला गेलो. त्याची बायको ओट्यावर रिकामा ड्रम धरून उभी होती. "भाऊजी," ती म्हणाली, "तुमचं ऐकून त्यांनी गोळ्या गटारात टाकल्या. आता घराबाहेर येत नाहीत. न्हाणीत जायचं तरी मला दाराशी उभं राहावं लागतं. तुम्हाला ज्यानं बरं केलं, त्याला यांचं बी नाव सांगा की."

मी पाइप तिच्या ड्रममध्ये सोडला आणि आत गेलो. तो भिंतीकडं तोंड करून बसला होता. दाढी वाढलेली. मला बघून म्हणाला, "आलास व्हय? मला का नाय रं फरक पडला? माझा विश्वास कमी पडला का?"

मी खिशातली पट्टी काढून त्याच्यापुढं ठेवली. अर्धी संपलेली.

"ह्या कधीच्या?"

"त्या दिवशी बी खिशातच होत्या."

त्यानं पट्टी उलटीपालटी करून पाहिली. मग म्हणाला, "म्हंजे प्रभू बी खोटा."

"प्रभू नाय. मी."

"मला कसं कळावं? मी त्याला तुझ्याच तोंडून ऐकला होता."

मी त्याच्याशेजारी भिंतीकडं तोंड करून बसलो आणि डोळे मिटले. मागितलं काहीच नाही, मागायला तोंड नव्हतं. प्रभूला फक्त म्हणालो, मी खोटं बोललो आणि याची वाट लावली. बाहेर ड्रममध्ये पाणी पडत होतं. ड्रम भरेपर्यंत माझी छाती गप्प होती. उजेड नाही, हात नाही. ड्रम भरला, पाणी सांडायला लागलं, त्याची बायको ओरडली आणि गाडी पुन्हा सुरू झाली.

पुढच्या रविवारी मी उभा राहून सगळं खरं सांगितलं. लोक हसले. त्यांना वाटलं, मी नवीन काहीतरी रंगवतोय. पाळक हसले नाहीत. उपासना झाल्यावर माझ्याबरोबर शेंद्र्याला आले आणि प्रार्थनेआधी दोस्ताला धरून डॉक्टरकडं घेऊन गेले.

गोळ्या परत सुरू झाल्या. पण दोस्त टँकरवर परत आला नाही. आता ओट्यापर्यंत येतो, रस्त्यापर्यंत नाही. पाऊस त्या वर्षीही आला नाही, पुढच्या वर्षी नावाला आला. त्याच्या शेतावर कंपनीची भिंत उठली. मी दर बुधवारी जातो, पाइप सोडतो आणि आम्ही दोघं डोळे मिटून बसतो. तो देवाशी बोलतो की नाही, मी विचारत नाही. तेवढा हक्क मी घालवलाय.

परवा मीच डोळे उघडून म्हणालो, "आज माझा पूर्ण ड्रम गेला, गप्प."

त्यानं माझ्याकडं संशयानं पाहिलं. "खिसा दाखव."

दाखवला. पट्टी होतीच.

"बरं," तो म्हणाला. "माझा अर्धा बी नाय. पाव धर."