मेहकचा प्लास्टिकमधला परवाना

उद्या सकाळी अकरा वाजता मेहक खोटं बोलणार आहे. तेही शपथेवर, आणि तेही माझ्यासाठी. तिला खोटं बोलता येत नाही हे आमच्या सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. ही काळजी काही केल्या डोक्यातून जात नाही, म्हणून घरातले सगळे झोपल्यावर हे लिहायला बसले आहे.

तिचं खोटं कसं असतं ते सांगते. भिशीला उशीर का झाला म्हणून विचारलं की ती म्हणते, "नळाला पाणी आलं न्हवतं." आणि आपण काही बोलायच्या आत, "म्हंजे आलतं की, पर डोळाच उघडला न्हाय." मेहक घरी साड्यांना फॉल-पिको करून देते. एकदा अंजनावहिनींच्या साडीवर तिच्या हातून इस्त्रीचा डाग पडला. डाग दुकानातूनच आला होता असं सांग, म्हणून तिच्या नवऱ्यानं, ख्वाजाभाईंनी तिला दोन दिवस पढवलं. अंजनावहिनी साडी न्यायला आल्या, त्या अजून पायरीवरच होत्या, तोवर ही आतून ओरडली, "डाग दुकानातनंच आलाय बरं का वैनी, मी न्हाय पाडला." साडीची घडीसुद्धा अजून कुणी उलगडली नव्हती.

मेहकचा जन्म कराचीचा. ख्वाजाभाईंची आत्या फाळणीनंतर नवऱ्याबरोबर तिकडं गेली, मेहक तिची नात. १९९७ साली ती लग्न होऊन कोल्हापुरात आली तेव्हा वीस वर्षांची होती. आम्हाला वाटलं होतं, हिच्याशी हिंदीत बोलावं लागणार. तर हिनं रिक्षातून उतरल्या उतरल्या सासूला, लालबींना, विचारलं, "तुमास्नी तिकडच्यागत फुफ्फू म्हणायचं का हितल्यागत आत्ती?" तिच्या आजीनं कराचीत बसून इथली बोली जशीच्या तशी जपली होती, आणि ती सगळी नातीच्या तोंडी आली होती. मेहक अजून अस्सल कोल्हापुरी बायकांसारखी 'मी आलो, मी गेलो' म्हणते. मी मराठी विषय घेऊन बी.ए. झाले, पण माझ्या प्रसेनजीतला खरी कोल्हापुरी समोरच्या मेहककाकूनं शिकवली. त्यातले निम्मे शब्द मी घरात बोलू देत नाही.

तिचं मशीन बाहेरच्या कट्ट्यावर असतं. चौदा एप्रिलच्या आधी आमच्या गल्लीतल्या सगळ्या पांढऱ्या साड्या तिच्या हातून जातात. कुणाला दिवस गेलेत, कुणाच्या पोरीचं लग्न ठरतंय, हे तिला सगळ्यांच्या आधी कळतं. विचारलं तर सांगत नाही. फार लावून धरलं तर सांगते.

अशी ही बाई एकोणतीस वर्षं इथं आहे, पण कागदावर ती परदेशी आहे. लांब मुदतीचा व्हिसा आणि राहण्याचा परवाना. पूर्वी तो परवाना म्हणजे फोटो लावलेला एक जाड कागद होता, आणि मुदत वाढली की त्याच्या पाठीमागं पोलिसांचा जांभळा शिक्का बसायचा. परवाना कोल्हापूर शहरापुरता. एकदा आजऱ्याला ख्वाजाभाईंच्या भाचीचं लग्न होतं, तर जिल्ह्यातल्या जिल्ह्यात जायला हिला अर्ज करावा लागला. ती ऑफिसात गेली तर तिथले हवालदार म्हणाले, "या पावणं, आज काय काढलंसा?" परवानगी मिळाली, आणि येताना काजू आणा म्हणून त्यांनी चेष्टाही केली. हिनं खरंच पावशेर काजू नेऊन टेबलावर ठेवले. ते बिचारे घाबरले. "अहो बाई, लाच देताय काय?" तर ही म्हणाली, "आजऱ्याला गेलतो ह्याचा पुरावा हाय साहेब."

त्या दिवशी मी तिला म्हटलं, "इतकी वर्षं झाली, अजून तुला पावणं म्हणतात गं." ती म्हणाली, "हितं समद्यांस्नीच पावणं म्हणत्यात, म्हणून बरं हाय."

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये पाकिस्तानच्या लोकांचे व्हिसा रद्द झाल्याची बातमी आली. लग्न होऊन आलेल्या, लांब मुदतीचा व्हिसा असलेल्या बायकांना ते लागू नाही हे आम्हाला दोन दिवसांनी कळलं. ते दोन दिवस मेहकनं मशीन आत घेतलं होतं. मी गेले तर ती एका पिशवीशेजारी बसलेली. पिशवीत दोन ड्रेस आणि पाच किलोचा चटणीचा डबा. त्या आठवड्यातच आम्ही दोघींनी डंकावर जाऊन वर्षाची कांदा-लसूण चटणी कुटून आणली होती.

"चटणी कशाला गं?"

"तिकडं मिळत न्हाय वैनी. मग मी जेवू कशासंगं?"

मी तिथंच खाली बसले. हसू की रडू ते कळेना. तिची आई गेली ती तिनं फोनच्या पडद्यावर पाहिली. तिकडं आता तिचं म्हणावं असं कुणी उरलेलं नाही, फक्त पासपोर्ट तिथला आहे.

त्यानंतर ख्वाजाभाईंना कुणीतरी क्रांतीचं नाव सांगितलं. ही क्रांती वकील आहे, तिशीतली, कसबा बावड्यात कोर्टाजवळ तिची एक खोली आहे. अशी कामं ती फी न घेता करते. पहिल्याच दिवशी ती मेहकला म्हणाली, "मावशी, मुदत वाढवत किती वर्षं काढणार? नागरिकत्वाचाच अर्ज करू. तुमच्या नावाचा जो जो कागद घरात आहे, तो सगळा आणा. रेशनचा, गॅसचा, दवाखान्याचा, काहीही. इतकी वर्षं तुम्ही इथंच होता हे दिसलं पाहिजे." आणि निघताना म्हणाली, "सही करायच्या आधी काहीही आठवलं तर मला फोन करा, रात्रीचे दोन वाजलेले असू देत. सही झाल्यावर आठवलं तर मात्र सांगूच नका." मी सोबत गेले होते, मीही हसले होते.

आता माझी चूक सांगते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुराचं पाणी आमच्या गल्लीत दाराच्या वरच्या चौकटीपर्यंत आलं. पाणी ओसरलं आणि मेहकला ताप भरला. चौदा तारखेला तिला दवाखान्यात दाखल केलं, ख्वाजाभाई तिच्याजवळ. त्यांच्या घरातला चिखल आमच्या ह्यांनी आणि मी काढला. माळ्यावरून खाली पडलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा मला सापडला. त्यात तिचे सगळे कागद, आणि परवाना तर नुसता लगदा व्हायचा बाकी. मी तो वर्तमानपत्रात घालून हलक्या इस्त्रीनं वाळवला. आणि सतरा तारखेला, पुरातून वाचलेल्या एका दुकानात नेऊन त्याला लॅमिनेशन करून आणलं. कुणाला विचारलं नाही. मी अशीच आहे. प्रसेनचा जन्मदाखला, जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, दहावीपासूनच्या मार्कलिस्टा, सगळं मी प्लास्टिकमध्ये घालून ठेवलं आहे. आमचे हे म्हणतात, मलापण एकदा नेऊन आण.

बावीस तारखेला मेहक घरी आली. तिनं तो चकचकीत परवाना डोळ्यांना लावला. म्हणाली, "आता येऊ दे पाणी किती येतंय ते." दुकानाचं बिलसुद्धा तिनं मायेनं त्याच्यासोबत ठेवून दिलं.

पुढची सहा-सात वर्षं कुणाचं लक्षच गेलं नाही, कारण मुदतवाढ ऑनलाइन झाली आणि जुना परवाना कुणी मागितला नाही. गेल्या महिन्यात नागरिकत्वाच्या अर्जासाठी तो पोलिसांच्या ऑफिसात साहेबांच्या टेबलावर गेला. इस्त्रीनं आणि लॅमिनेशनच्या मशीननं दोन वर्षांचे जांभळे शिक्के पसरून गेले होते, आणि प्लास्टिकमुळं कागद तपासताही येईना. साहेब रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "हे कुणी केलं?"

मेहक म्हणाली, "मी."

"मग कधी केलं, का केलं, ते प्रतिज्ञापत्रावर लिहून द्या. आम्ही आमच्या जुन्या रजिस्टरला ताडून बघतो."

घरी आल्यावर मी तिला विचारलं, असं का सांगितलंस. तर म्हणाली, "प्रसेनचं पोलीस व्हेरिफिकेशन चाललंय न्हवं? तुमचं नाव कराचीवालीच्या फायलीत कशाला वैनी? एवढं थोडकं तर मी करतो."

प्रसेनजीत चार वर्षं परीक्षा देत होता. आता जलसंपदा खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून त्याची निवड झाली आहे, आणि चारित्र्य पडताळणीचा कागद पोलिसांकडं आहे. शेजारणीच्या अर्जात माझं नाव आल्यानं त्याचं काही अडेल का, मला माहीत नाही. मी कुणाला विचारलंही नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. मेहकचं ते 'मी' मी तसंच राहू दिलं.

आज संध्याकाळी मेहक क्रांतीनं दिलेला मसुदा घेऊन आली. तिला मराठी वाचता येतं, पण कोर्टाची मराठी येत नाही. कुणाला येते म्हणा. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि मी मोठ्यानं वाचू लागले. "दिनांक १७ ऑगस्ट २०१९ रोजी मी स्वतः सदर परवाना दुकानात नेऊन..." तिथं मी थांबले.

"वाचा की फुडं."

"मेहक, सतरा तारखेला तू दवाखान्यात होतीस. सलाईन लागलं होतं तुला."

"व्हय की."

"ही तारीख क्रांतीनं कुठून घेतली?"

"दुकानाचं बिल दिलंय मी तिला. ती म्हणाली, तारीख पायजेच, मोघम चालत न्हाय."

"आणि दवाखान्याचा कागद?"

"त्योबी दिलाय. नाव हाय म्हटल्यावर समदंच दिलंय."

दवाखान्याचं कार्ड १४ ते २२ ऑगस्टचं. लॅमिनेशनचं बिल १७ ऑगस्टचं. दोन्ही एकाच फाईलमध्ये, आणि त्यावर हिची शपथ. क्रांतीनं मेहकच्या शब्दावर विश्वास ठेवला, तिच्या टेबलावर अशा पंचवीस फायली असतात. पण ज्यांना ताडून बघायचं आहे ते बघणारच. मग प्रश्न लॅमिनेशनचा राहणार नाही. ही बाई शपथेवर खोटं बोलते, मग एकोणतीस वर्षांतलं बाकीचं तरी खरं कशावरून, असा प्रश्न येईल.

मी तिला हे सांगितलं. तिनं ओढणी दाताखाली धरली.

"मग बिल हरवलं म्हणतो."

"अगं, ते दिलंयस तू."

"मग दवाखान्यातनं दुपारच्याला जरा बाहीर पडलोतो म्हणतो." आणि स्वतःच हसायला लागली. "सलाईन हातात धरून."

तिथं मी बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "चहा घेतीस का?"

रात्री जेवताना मी प्रसेनला आडून विचारलं, पुरात मेहककाकूच्या कागदांचं काय झालं होतं ते आठवतं का. तो म्हणाला, "न आठवायला काय झालं? लॅमिनेशनला मीच नेलंतं की तुला गाडीवरनं. का गं?"

"काही नाही. भात घे."

मला खोटं बोलता येतं. मेहकला येत नाही, एवढाच आमच्यात फरक.

हे लिहिताना मेहकच्या सासूबाई, लालबी, सारख्या आठवतायत. २०१८ मध्ये प्रसेनच्या जातीच्या व्हॅलिडिटीसाठी गृहचौकशी आली होती. माझ्या आजेसासऱ्यांचा शाळेचा दाखला फाटलेला होता, आडनाव नीट दिसत नव्हतं. चौकशीला आलेल्या साहेबांनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवून अर्धा तास बघितलं. मग गल्लीत कुणी जुनं माणूस आहे का म्हणून विचारलं. लालबी काठी टेकत स्वतःच आल्या. म्हणाल्या, "कागदात नाव दिसंना झालं तर माझ्या तोंडात हाय. ह्येचा पणजा आमच्या दारावरनं रोज कामावर जायाचा. लिवा." आणि लिहिलेलं साहेबांना मोठ्यानं वाचायला लावून अंगठा दिला. त्या वेळी त्यांच्या स्वतःच्या सुनेच्या व्हिसाची मुदतवाढ पोलिसांकडं पडून होती. त्यांनी अंगठा देण्याआधी कुणाला काही विचारलं नाही. मी तेव्हा त्यांना साखर घातलेलं दूध दिलं, आणि मला वाटलं, झालं.

त्या व्हॅलिडिटीवरच प्रसेनची निवड झाली आहे. तीही मी लॅमिनेट करून ठेवली आहे.

सव्वा वाजला आहे. मेहकच्या घरात अजून दिवा दिसतोय. बहुतेक ती ते वाक्य पाठ करत असेल, "मी स्वतः, मी स्वतः." उद्या साहेबांनी नुसतं वर बघितलं तरी ती म्हणेल, दवाखान्यात न्हवतो बरं का मी. कुणी विचारायच्या आत.

क्रांती म्हणाली होती, रात्रीचे दोन वाजलेले असू देत. अजून पाऊण तास आहे. मी तिला फोन करते. इस्त्री कुणी फिरवली, दुकानात कोण गेलं, गाडी कोण चालवत होतं, सगळं सांगते. मेहकचं वाक्य काढून टाक आणि माझं वेगळं प्रतिज्ञापत्र कर म्हणते. प्रसेनला सकाळी उठल्यावर सांगेन. त्याला आधी विचारायचं नाही असं मी ठरवलं आहे.

फक्त एक गोष्ट तिला विचारावी लागेल. प्रतिज्ञापत्राला माझं आधार कार्ड लागेल, आणि तेही मी लॅमिनेट केलेलं आहे.