पहिली जुडी

जर्मनची लढाई चालू होती, त्या दिवसांत मालेगावच्या बाजारात एक माळीण मेथी विकायची. पहिली जुडी मठाला द्यायची तिथली रीत. ही मात्र ती समोरच्या गाईपुढे टाकायची. त्यावरून दर बाजाराला गिऱ्हाइकांचं तेच तुणतुणं! "जा, मठातल्या महाराजांच्या पाया पड, मिटव एकदाचं." जसा काही गुन्हा हिनंच केला होता! मी तिच्या शेजारीच कांदे विकायला बसायचो; मला वीट आला होता त्या शहाण्यांचा.

मूल होत नाही म्हणून सासरच्यांनी तिला मठात ठेवलं होतं. बाधा काढतो म्हणत महाराज तिला निर्गुडीच्या फोकानं झोडपायचे. सारे त्या माराला प्रसाद म्हणत. तीही वळांवर हात फिरवून तो कपाळी लावायची.

"मग सुटलीस कशी, बाई?" मी एकदा चिडूनच विचारलं.

मेथीवर पाणी शिंपडत ती म्हणाली, "फोक मोडला, तं नवा तोडून आणाले मलेच धाडलं. झाडापाशी मी बारीक फोक पाहून राह्यली होती. मंग मनात आलं, परसाद असता तं बारीक कायले पाह्यला असता मी? तशीच बापाच्या मळ्यात निंघून आली."

तेवढ्यात एका गिऱ्हाइकानं पुन्हा मठाचा विषय काढला. तिनं मान वर केली नाही. आणखी एक जुडी उचलली आणि तीही गाईपुढे टाकली.