मध्य उघडणार नाही

पत्रानं बुद्धिबळ खेळते म्हटलं की लोक हसतात. आता पत्रं कोण पाठवतं? खरं आहे, आता चाल वेबसाइटवर टाकायची आणि उत्तराची कधी कधी आठवडाभर वाट बघायची. नाव तेवढं जुनं राहिलंय. शाळेसाठी मी नाशिकला मावशीकडे होते आणि वडील निफाडला, तेव्हा आम्ही खरोखरच पोस्टकार्डांवर खेळायचो. त्यांच्या कार्डावर एक ओळ खुशालीची, एक चालीची. कधी कधी खुशाली राहून जायची.

या खेळात कॉम्प्युटरची मदत घ्यायला परवानगी असते, हे सांगितलं की लोक आणखी हसतात. मग तुम्ही काय करता, असं विचारतात. मला या प्रश्नाचा राग येतो. माझ्या ढोबळ चुका कॉम्प्युटर पकडतो, त्याबद्दल त्याचे आभार. पण चाल मी टाकते.

गेल्या वर्षी आमच्या संघाचा सामना होता. बाकीच्यांचे डाव संपले होते आणि संघ वरच्या गटात टिकणार की खाली घसरणार, हे माझ्या एकटीच्या डावावर येऊन ठेपलं होतं. मला बरोबरी पुरली असती. माझी मोहरी काळी. समोरच्याची प्यादी पटाच्या मध्यात पार पुढे घुसलेली, माझी त्यांच्या नाकासमोर अडून उभी. जागा सगळी त्याच्याकडे, माझे घोडे-उंट मागे दाटीवाटीनं बसलेले. कोण किती वरचढ ते कॉम्प्युटर आकड्यात सांगतो, आणि त्याच्या मते पांढरा चांगलाच वरचढ होता. त्याचा सल्ला असा, की माझ्या एका प्याद्यानं त्याचं मधलं प्यादं मारावं आणि मध्य मोकळा करावा. म्हणजे आकडा जरा कमी वाईट होतो.

मला ते पटेना. मध्य मोकळा झाला की त्याचे हत्ती सरळ माझ्या घरात. त्याचं प्यादं मारायच्या ऐवजी मी माझं तेच प्यादं पुढे सरकवायचं ठरवलं, म्हणजे प्याद्यांची सगळी रांगच बंद. कॉम्प्युटरच्या यादीत ही चाल पार तळाला होती.

संघाच्या कर्णधाराला मी हे कळवलं आणि त्याचा लगेच फोन आला. तो वयानं माझ्याहून लहान, खेळात माझ्याहून तयार. ते मला मान्य आहे.

“ताई, बंद केलंत तर हराल. मी कॉम्प्युटरवर बराच वेळ चालवून बघितलंय.”

“तो आत कुठून येणार ते दाखवा.”

“ते मलाही दिसत नाहीये. पण आकडा बघा ना.”

“आकडा कुठल्या घरातून आत येणार?”

 तो शांतपणे म्हणाला, “डाव तुमचा आहे, ताई. पण हरलात तर पुढच्या सामन्यात संघातला तुमचा बोर्ड मला दुसऱ्या कुणाला तरी द्यावा लागेल.”

हे मला लागलं. पिंपळगावच्या द्राक्षं भरणाऱ्या पॅकहाउसमधली ऑफिसची नोकरी संपल्यापासून माझ्या निर्णयावर काही अडून राहावं अशी ही एकच जागा उरली होती. घरात मला गॅस कधी नोंदवायचा एवढंच विचारतात.

मग मी कॉम्प्युटरलाच दोन्ही बाजूंनी खेळायला बसवलं. रांग बंद, पांढरा वरचढ. कितीतरी चाली झाल्या, तरी तेवढाच वरचढ. हत्ती इकडून तिकडे, राजा तिकडून इकडे, आणि आकडा आपला होता तिथेच. जिंकत चाललेल्याचा आकडा वाढायला नको? संध्याकाळी नाशिकच्या द्वारका चौकात मोठमोठ्या गाड्या एकमेकींना नाक लावून उभ्या असतात, तसं चाललं होतं. कॉम्प्युटर गाडी केवढी आहे तेवढंच बघत होता.

तरीही खात्री करायची म्हणून जेवणाच्या टेबलावर लाकडी पट मांडला. नवऱ्याला मोहऱ्यांच्या चाली तेवढ्या येतात.

“अहो, पांढरी घ्या. मला हरवून दाखवा.”

त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ प्रयत्न केला. “आत जायला वाटच नाहीये गं.”

“पण तुम्ही जिंकताय. कॉम्प्युटर म्हणतो.”

“मग त्यालाच बसव इथं. मला भूक लागलीय.”

मी प्यादं पुढे सरकवून चाल पाठवून दिली. पाठवलेली चाल परत घेता येत नाही. मला भीती वाटत होती, पण पश्चात्ताप अजिबात नव्हता.

पुढचे काही महिने तो पट टेबलावरच राहिला आणि आम्ही कडेकडेनं जेवलो. समोरचा माणूस आपली मोहरी हलवत राहिला. या खेळात पन्नास चालींत कुणी काही मारलं नाही आणि प्यादंही हलवलं नाही, तर बरोबरी मागता येते. ते टाळायला शेवटी त्यानं उरलेलं एकमेव मोकळं प्यादं पुढे ढकललं. मी त्याच्यासमोर उंट आणून बसवला. आता कुठूनच वाट नव्हती. काही दिवसांनी त्यानंच बरोबरी देऊ केली आणि मी घेतली.

कर्णधाराचा मेसेज आला, “अभिनंदन ताई, संघ टिकला. पण गंमत बघा, शेवटचा पट कॉम्प्युटरला दाखवला, तर तो अजून म्हणतोय पांढरा जिंकतोय.”

मी लिहिलं, “मग त्याला म्हणा, हरवून दाखव. आणि पुढच्या सामन्यात माझा बोर्ड मीच खेळणार.”